डबल-ए की ट्रिपल-ए: विशीतल्या बॅटरला एप्रिलमध्ये कुठे पाठवावं?

ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगचा, अर्थात अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीचा उंबरठा; डबल-ए त्याच्या एक पायरी खाली. ट्रिपल-एमध्ये मेजर लीग खेळून आलेले पिचर (चेंडू फेकणारे) भेटतात. वेग थोडा कमी, पण चेंडू कुठे टाकायचा ते पक्कं ठाऊक. डबल-एमध्ये तरुण, वेगवान पिचर. स्ट्राइक झोनबाहेर (बॅटरने खेळायच्या पट्ट्याबाहेर) जाणाऱ्या स्लायडरवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, बॅट फिरवायची खोड तिथेच उघडी पडते. शिवाय ट्रिपल-एचे आकडे फसवे असू शकतात. अल्बुकर्की या ट्रिपल-ए संघाच्या शहरातलं मैदान पाच हजार फुटांहून उंचावर; विरळ हवेत बेताचा फटकाही कुंपणापार जातो.

माझं मत डबल-ए. बॅटर हुआन सोटो २०१८ मध्ये तिथे जेमतेम ८ सामने खेळला आणि १९व्या वर्षी थेट वॉशिंग्टनच्या मेजर लीग संघात गेला. कॅचरचं (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं) मात्र वेगळं: अनुभवी पिचर सांभाळायला शिकायचं, तर त्याला ट्रिपल-एमध्ये वेळ द्यायलाच हवा.