शंभर गिल्डर की तीन क्रूस: रेम्ब्रांटचं कोणतं प्रिंट आधी अभ्यासावं?

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याची बायबलवरची एचिंग्ज (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रं) बरीच आहेत. त्यातलं एकच निवडून नीट अभ्यासायचं असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे: १६४८च्या सुमाराचं ‘शंभर गिल्डर प्रिंट’ (गिल्डर म्हणजे जुनं डच नाणं) आणि १६५३चं ‘तीन क्रूस’.

पहिल्यात येशू मधोमध उभा आहे. उजवीकडे आजारी, पांगळी माणसं अंधारातून त्याच्याकडे सरकताहेत. डावीकडे वाद घालणारे परुशी (कर्मठ यहुदी धर्मपंथाचे लोक) लख्ख उजेडात, जवळजवळ नुसत्या बाह्यरेषेत. अंधार आडव्यातिडव्या रेषांच्या दाट जाळीतून येतो आणि येशूजवळ जाळी विरळ होत जाते. विनवणी करणाऱ्या बाईच्या जोडलेल्या हातांची सावली त्याच्या झग्यावर पडली आहे, ती शोधाच. तिथे रेम्ब्रांटची करुणा दिसते. कॉपी करून शिकणाऱ्याला इथे प्रत्येक सावलीचा माग काढता येतो.

‘तीन क्रूस’मध्ये तसा माग लागत नाही. हे मुख्यतः ड्रायपॉइंट आहे. आम्ल नाही, सुईने थेट तांबं ओरखडायचं. ओरखड्याच्या कडेला धातूचा बर (खरबरीत उंचवटा) उठतो, त्यात शाई अडकते आणि काळा रंग मखमली छापला जातो. प्रेसखाली हा बर लवकर झिजतो, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या ठशांत (प्लेटवरून छापलेल्या प्रतींत) फार फरक पडतो.

चित्रात दोन चोरांच्या मधोमध क्रूसावर चढवलेला येशू आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात त्या वेळी दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडल्याचं वर्णन आहे. प्लेटमध्ये बदल करून छापलेल्या प्रत्येक टप्प्याला ‘अवस्था’ म्हणतात. पहिल्या अवस्थेत वरून प्रकाशाचा झोत कोसळतो आणि खालची गर्दी ओळखू येते. चौथ्या अवस्थेत रेम्ब्रांटने तीच प्लेट पुन्हा खरवडून काढली. लांब, सरळ, रागीट रेषांखाली उजवीकडचा चोर जवळपास बुडाला. स्वतःचं इतकं उत्तम काम असं पुसायला केवढं धैर्य लागलं असेल!

हात रेषेवर बसवायचा असेल तर ‘शंभर गिल्डर’ घ्या. मात्र ठसा तपासा: १७७५च्या सुमारास विल्यम बेली या आयरिश कॅप्टनने झिजलेली प्लेट पुन्हा कोरली आणि नंतर तिचे चार तुकडे केले. त्या ठशांतल्या सावल्या शिकण्यासाठी उपयोगाच्या नाहीत.

रेषा आधीच येत असेल आणि सावलीने प्रसंग कसा घडतो हे पाहायचं असेल, तर ‘तीन क्रूस’. पण पहिली आणि चौथी अवस्था शेजारी ठेवूनच. एकटी चौथी पाहिली तर काय झाकलं गेलं ते कळणारच नाही.