ॲक्टिव्हिटी थिअरी घेताय, पण दुसऱ्या पिढीची की तिसऱ्या?

ॲक्टिव्हिटी थिअरी म्हणजे माणसाचं काम आणि शिकणं त्याच्या साधनांसकट, सोबतच्या लोकांसकट बघणारी चौकट, आणि पिढ्या म्हणजे तिची एकामागून एक आलेली रूपं. संस्था कशी शिकते यावर पीएचडी करणारे बरेच जण कोणती पिढी घ्यायची इथेच अडकतात, कारण "एंगेस्ट्रॉमचा त्रिकोण टाका" एवढंच सांगून गाईड मोकळे होतात.

पहिली पिढी म्हणजे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉत्स्की. माणूस जगाशी थेट भिडत नाही, मध्ये अवजार असतं, भाषा असते. पण नजर एकट्या माणसावर, त्यामुळे बॅकग्राउंडच्या चॅप्टरपुरतं ठेवा.

दुसरी त्याचा सहकारी लिओंतिएवची. त्याचं शिकारीचं उदाहरण मला फार आवडतं: हाकारा घालणारा भुकेला आहे आणि तरी जनावराला स्वतःपासून लांब पळवतोय, एकट्याकडे बघितलं तर काहीच कळत नाही, पलीकडे दबा धरून बसलेले साथीदार दिसले की लगेच अर्थ लागतो. याच विचाराला फिनलंडच्या एंगेस्ट्रॉमने 1987 मध्ये त्रिकोणात बसवलं, म्हणजे कर्ता, ऑब्जेक्ट (ज्यावर काम चाललंय ते), साधनं, नियम, समुदाय, कामाची वाटणी. एकच डिपार्टमेंट अभ्यासत असाल तर हे पुरतं, फक्त सहा खाने भरून थांबू नका, त्यांच्यात ओढाताण कुठे आहे आणि ती कधीपासून साचलीय ते शोधा, खरा अभ्यास तिथे आहे.

तिसऱ्या पिढीत निदान दोन संस्था समोरासमोर असतात. एंगेस्ट्रॉमची 2001 ची हेलसिंकीची केस वाचाच. एकाच मुलाला दोन-तीन आजार, ते मूल कधी हेल्थ सेंटरला तर कधी मुलांच्या हॉस्पिटलला, उपचारांची ठरलेली वाट मात्र एकेका आजारापुरती, मग सगळं मिळून मुलाचं काय चाललंय हे बघणारं कोणीच नाही. डॉक्टर, नर्स, व्यवस्थापनाची माणसं एकत्र बसली, पेशंटच्या केसेस त्यांच्यासमोर ठेवल्या, वाद झाले, आणि त्यातून केअर ॲग्रीमेंटची कल्पना निघाली, म्हणजे आईवडील आणि दोन्हीकडचे डॉक्टर मिळून उपचारांचा प्लॅन ठरवणार आणि एकमेकांना कळवत राहणार. हे शिकवायला कोणी जाणकार आधीपासून बसलेला नव्हता, जे शिकायचं तेच त्यांनी घडवलं.

नवा माणूस जुन्यांत कसा मुरतो एवढंच बघायचं असेल तर लेव्ह-वेंगर यांचं पुस्तक (1991) जास्त सोपं पडेल.

माझं मत विचाराल तर अडचण कुठे आहे त्यावरून ठरवा. एकाच छताखाली असेल तर दुसरी, दोन ऑफिसांच्या मधल्या फटीत असेल तर तिसरी. पण तिसऱ्यासाठी दोन्हीकडची परवानगी आणि लोकांचा भरपूर वेळ लागतो, तो मिळणार का हे सिनॉप्सिस द्यायच्या आधीच विचारून घ्या.