८ फूट २ इंचांचा गाळा

सुताराने टेप लावला, पुन्हा एकदा लावला आणि मान हलवली. "मालक, आठ फूट दोन इंच भरतंय. लांबीला सोळा फूट पाच. असलं माप गाळ्याला कोण ठेवतंय?" मी म्हटलं, बिल्डरचा काहीतरी हिशेब असेल, तू रॅक त्या मापाने कर. पैसे तोवर देऊन झाले होते, त्यामुळे त्याचं ऐकून मी करणार तरी काय होतो. पण हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं झेरॉक्स, बाइंडिंग आणि स्टेशनरीचं दुकान. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या अंगाला २१ वर्षं भाड्याच्या जागेत चाललं. २०२१ च्या दिवाळीनंतर घरमालकाच्या मुलांनी वाडा पाडायला काढला आणि मी जागा शोधायला लागलो. ज्याने मध्यवस्तीत जागा शोधलीय त्याला वेगळं सांगायला नको. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण शहराची हद्द आहे तेवढीच राहिली. हद्दवाढीची चर्चा मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली तेव्हा पेठेत येणारं वाहन म्हणजे बैलगाडी. आज त्याच रस्त्यांवर बाजार, बँका, अंबाबाईला आलेले भाविक आणि घरटी दोन गाड्या. रस्त्यालगतच्या दुकानाचा दर ऐकला की माणूस चहा न पिताच उठतो.

तशात एजंट भेटला. "लोअर ग्राउंडला एक गाळा हाय. वरच्या दराच्या निम्म्यात बसवतो." इमारत नवी होती. वर १२ फ्लॅट, रस्त्याकडेला ३ दुकानं आणि बाजूने एक उतार खाली जाणारा. जिना नाही, उतार. मला ते सोयीचंच वाटलं, कागदाची रिमं हातगाडीवरून थेट दारात येणार. इमारतीच्या पोटात जाणारा रॅम्प कशासाठी बांधतात हे ४९ वर्षांच्या माणसाला सुचू नये? नाही सुचलं. खाली १० गाळे पाडलेले, शटर बसवलेली, चकचकीत फरशी, दोन गाळ्यांवर बोर्डही लागलेले. एकात शिलाई मशीन चालू होतं. चालू दुकान म्हणजे कायदेशीर दुकान, हे आपलं आपणच ठरवून टाकतो.

बिल्डर गोड माणूस. त्याने मला खोटं असं फार थोडं सांगितलं, हे आता कळतं. सांगितलं त्यातलं बरंचसं खरंच होतं, फक्त माझ्या गाळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी रेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर विचारला. तो म्हणाला, प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आतला आहे, रेरा लागतच नाही. बरोबर आहे, कायद्यात तशी सूट आहे आणि जुन्या पेठांतले बरेच प्लॉट त्या सुटीत बसतात. मला ती सूट म्हणजे प्रमाणपत्रच वाटलं. तिचा खरा अर्थ एवढाच, की मंजुरीचे जे कागद महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात, ते इथे स्वतः पायपीट करून काढायला लागणार. बायकोने विचारलं, "गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठं?" त्यावर तो हसला. "वहिनी, सरस्वती टॉकीजजवळ बहुमजली पार्किंग होतंय की! शहराचा विकास आराखडा नव्याने तयार होतोय, रस्ते रुंद होणार. शिवाय २०२० च्या डिसेंबरला राज्याचे बांधकामाचे नवे युनिफाइड नियम आलेत, आता सगळं रेग्युलर होतं." पार्किंगचं ऐकलेलं होतं. आराखड्याचं पेपरात वाचलेलं होतं. नियमही खरोखरच आलेले होते. एवढ्या खऱ्या गोष्टींच्या मध्ये बसवलेला गाळा खोटा कसा वाटणार?

दर ठरला फुटाला १४ हजार. १३५ फूट, म्हणजे १८ लाख ९० हजार.

कर्जासाठी मी आधी राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो होतो. त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाने तीन कागद मागितले: मंजूर नकाशा, अपार्टमेंटचं घोषणापत्र (इमारतीत कुठली युनिटं आणि कुणाचा किती हिस्सा, ते सांगणारं) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी). बिल्डर म्हणाला, "बँका छोट्या गाळ्याला कर्ज देत नाहीत हो, म्हणून कागदांची कटकट करतात. पतसंस्थेतून करू, आपली ओळख आहे." म्हणजे जो वकील फुकटात मला वाचवत होता, त्याला मी कटकट्या ठरवला आणि गावाकडचं घर तारण ठेवून पतसंस्थेचं कर्ज काढलं. बँकेने नाकारलेल्या मिळकतीला दुसरीकडून पैसे उभे करून देणारा माणूस आपला हितचिंतक नसतो. मला मात्र त्या आठवड्यात तो देवमाणूस वाटत होता.

साडेनऊ लाख चेकने दिले, बाकीचे रोख. रोखीची पावती म्हणजे एजंटच्या अक्षरातल्या चार चिठ्ठ्या, त्यावर आकडा आणि तारीख, बाकी काही नाही. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेणंच आयकर कायद्याला मंजूर नाही, हे मला पुढे वकिलाकडून कळलं. कागद झाला तो ५०० च्या स्टॅम्पवरचं नोटरी संचकारपत्र, म्हणजे पुढे खरेदी करायचा करार. खरेदीपत्र 'कंप्लीशन आल्यावर', म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर रजिस्टर करायचं. नोटरी फक्त सही करणारा हाच माणूस आहे एवढं बघतो. जागा कुणाची आणि कशासाठी मंजूर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण लाल शिक्का बघितला की छाती फुगते, माझीही फुगली. संचकारपत्राला जोडलेला नकाशा म्हणजे साध्या कागदावर पट्टीने आखलेले १० चौकोन. त्यावर ना महापालिकेचा शिक्का, ना परवान्याचा नंबर.

दोन वर्षं दुकान चाललं, आणि बरं चाललं. या काळात मला किती वेळा कळायला हवं होतं ते सांगतो. महावितरणचा मीटर माझ्या नावावर झालाच नाही. बिल्डरच्या मीटरवरून सबमीटर, आणि दर महिन्याला त्याचा माणूस वहीत आकडा लिहून पैसे न्यायचा. घरफाळ्याचं (मिळकत कराचं) बिल आलं नाही, याचा मला चक्क आनंद झाला होता! पाऊस लागला की उतारावरून पाणी आत यायचं. माझ्या काउंटरखाली एक लोखंडी झाकण होतं, ते उचललं तर खाली खड्डा आणि त्यात पंप. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या या पट्ट्यात तळघर घेतलं तर पाण्याची भीती असणार हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायचं? पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. २०१९ चा महापूर डोळ्यांनी बघितलेला. तरी रिमं दोन फूट उंच लाकडी फळ्यांवर चढवून मी गप्प बसलो.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवरचं पीव्हीसी पॅनेल फुगलं. बदलायला म्हणून मागच्या कोपऱ्यातलं काढलं तर आत खांब निघाला. खांबाला जमिनीपासून कमरेपर्यंत पिवळे-काळे पट्टे रंगवलेले. वर पांढरा चुना मारला होता, पण पट्टे स्पष्ट दिसत होते. मी पॅनेल हातात धरून तसाच उभा राहिलो. असले पट्टे मॉलच्या तळघरात असतात, गाडी रिव्हर्स घेताना खांब दिसावा म्हणून.

त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर बाई झेरॉक्सला आल्या. त्या एरवीही यायच्या, पण मोजकंच बोलायच्या. मी खांब दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्यावर राग नाही. पण तुमचं मशीन माझ्या गाडीच्या जागेवर उभं आहे." वरच्या १२ कुटुंबांना पार्किंगसह फ्लॅट विकले होते. ताबा घेताना त्यांना सांगितलं, खाली थोडं काम बाकी आहे, तोवर गाड्या रस्त्यावर लावा. त्यांनी महापालिकेत तक्रार देऊन तीन महिने झाले होते. मी त्यांना आढ्यताखोर समजत होतो. त्यांच्या हिशेबात त्यांची जागा बळकावून बसलेला माणूस मीच होतो.

नगररचना विभागात अर्ज केला, फी भरली आणि मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची प्रत हातात आली. दोन वर्षांपूर्वी हेच करता आलं असतं. अडवायला कुणी बसलेलं नव्हतं, मीच गेलो नव्हतो. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने लोअर ग्राउंडचा भाग उलगडून दाखवला. रॅम्प, खांब आणि ओळीने आयत. प्रत्येक आयतात एक आकडा आणि माप २.५० बाय ५.००. मी मोबाइलवर मीटरचे फूट केले. अडीच मीटर म्हणजे ८ फूट २ इंच. पाच मीटर म्हणजे १६ फूट ५ इंच. क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर, म्हणजेच माझे ते १३५ फूट. एका मोटारीची नियमाप्रमाणे लागणारी जागा. बिल्डरने नवं काही आखलंच नव्हतं, पार्किंगच्या रेघांवर भिंती उभ्या केल्या होत्या.

यात त्याचा फायदा कसा, ते त्या कर्मचाऱ्याने दोन वाक्यांत सांगितलं. प्लॉटवर किती बांधायचं याला एफएसआयची मर्यादा असते, पण पार्किंगचं क्षेत्र त्यात धरत नाहीत, कारण गाड्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून ते सक्तीचं असतं. म्हणजे कागदावर तो मजला फुकटात मिळतो. तो विकला की जमिनीचा खर्च शून्य आणि आलेले पैसे निव्वळ. माझ्यासारखे १० धरा, हिशेब पावणेदोन कोटींच्या वर जातो. 'रेग्युलर करून घेऊ' याचं उत्तरही तिथेच मिळालं: ही १० गाड्यांची जागा त्याच प्लॉटवर दुसरीकडे दाखवा, मग बोलू. प्लॉटवर तर तुळशीवृंदावनाला जागा उरलेली नव्हती.

घोषणापत्राची प्रत डॉक्टर बाईंनी दिली. आमच्याकडे इमारतींची नोंदणी सोसायटीपेक्षा अपार्टमेंट म्हणून जास्त, १९७० च्या राज्याच्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची. त्यात प्रत्येक युनिटचा जमिनीतला अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. १२ फ्लॅट आणि ३ दुकानांची बेरीज केली तर बरोबर १००. बिल्डरने मला खरेदीपत्राचा जो मसुदा दिला होता, त्यात टक्केवारीच्या जागी टिंबं होती. मी समजायचो, टायपिंग राहिलं असेल. शंभरातलं काही उरलंच नव्हतं, तर तो लिहिणार काय? आणि मोकळं पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही, ते सगळ्यांच्या सामाईक जागेत मोडतं, हे मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय.

२०२४ च्या सुरुवातीला एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम काढायची नोटीस आली. बिल्डरच्या नावाने आणि 'भोगवटादार' म्हणून आम्हा दहाही जणांच्या नावाने. बिल्डर पहिल्या दिवशी म्हणाला, मी बघतो. आठव्या दिवशी म्हणाला, तुम्हाला सगळं माहीतच होतं की. त्यानंतर फोन उचलणं बंद. भिंती पाडायच्या दिवशी शिलाईवाल्या ताईंनी आपलं शटर आपणच काढलं, निदान भंगाराचे पैसे मिळतील म्हणून.

आता जागेची बोलणी चाललेल्या कुणासाठीही सांगतो. कुठल्याही शहरातल्या मध्यवस्तीत लोअर ग्राउंड, तळघर किंवा इमारतीच्या मागच्या बाजूचं 'स्वस्तातलं' दुकान दाखवलं, तर आधी महापालिकेतून त्या मजल्याच्या मंजूर नकाशाची प्रत स्वतः काढा, बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. (झेरॉक्स काय करू शकतं हे झेरॉक्सवालाच सांगतोय.) तुमचा चौकोन त्यात 'शॉप' म्हणून आहे का बघा. घोषणापत्रात तुमच्या युनिटचा नंबर आणि टक्का आहे का बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारण्याऐवजी वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा आणि विचारा, तुमची गाडी कुठं असते? मी त्या जिन्याची एक पायरी चढलो असतो, तरी वाचलो असतो.

वकिलाच्या सल्ल्याने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातलीय. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेला गाळा 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, या मुद्द्यावर ती उभी आहे. आर्थिक गुन्हे शाखेकडेही आम्ही सात जणांनी मिळून अर्ज दिलाय. उरलेल्या तिघांना बिल्डरने काहीतरी देऊन गप्प केलं असं ऐकतो. माझे चेकचे साडेनऊ लाख सिद्ध होतात. चार चिठ्ठ्या वकिलाने बघितल्या आणि काही न बोलता मला परत दिल्या. वरच्या लोकांच्या गाड्या आता खाली लागतात. डॉक्टर बाई साक्ष द्यायला तयार आहेत.

मी सध्या एका गल्लीत ९० फुटांच्या भाड्याच्या खोलीत दुकान चालवतो. सुताराने केलेले रॅक तिथे बसत नाहीत. कापून घ्यायचे म्हटलं तर तो म्हणतो, प्लायवूड वाया जाईल, राहू द्या. म्हणून ते घरी गॅलरीत आडवे ठेवलेत, वर बायको पापड वाळत घालते. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या ७ तारखेला जातो.