फेसात उमलणारा सुगंध: दाढीच्या तीन साबणांचे परीक्षण

दाढीच्या साबणाचा सुगंध डबीचे झाकण उघडून पारखू नये, असे माझे ठाम मत आहे. कोरड्या साबणाला येणारा वास आणि त्याच साबणाचा फेस गालांवर पसरल्यावर येणारा वास यांत पुष्कळ अंतर असते. कोमट पाणी लागताच लिंबूवर्गीय फळांचे आणि लव्हेंडरचे हलके गंध प्रथम उसळून येतात आणि लवकर विरतात, तर चंदन, कस्तुरी किंवा अंबर यांच्या छटा सावकाश वर येऊन रेझरच्या शेवटच्या हातापर्यंत टिकतात. फेस नाकाच्या अगदी खाली असल्यामुळे हा सारा बदल नीट जाणवतो आणि सुगंधी साबणाने दाढी करण्याच्या छंदाची खरी गोडी त्यातच आहे. प्रोरासो, टाबाक आणि चेल्ला हे तीन साबण मी आलटूनपालटून वापरतो. त्यांचे परीक्षण याच कसोटीवर केले आहे.

सुगंध खुलण्यासाठी फेस मात्र चांगला जमला पाहिजे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे (चरबी व तेलांत आढळणाऱ्या एका मेदाम्लाचे) प्रमाण भरपूर असते आणि त्याचे साबणीकरण, म्हणजे साबणात रूपांतर, मुख्यतः पोटॅशियम हायड्रॉक्साइडने केलेले असते. म्हणूनच तो अंघोळीच्या साबणापेक्षा पाण्यात सहज विरघळतो आणि त्याचा फेस घट्ट, टिकाऊ होतो. भिजवलेला ब्रश हलकेच झटकून अर्धा मिनिट साबणावर फिरवावा आणि मग चेहऱ्यावर घोळवताना थोडे थोडे पाणी घालत जावे. मोठे बुडबुडे नाहीसे होऊन फेसावर ओली चकाकी आली आणि ब्रशने ओढलेली रेघ तशीच उभी राहिली, की फेस तयार झाला असे समजावे. जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, त्यामुळे अशा पाण्यात फेस मरतो आणि सुगंधही दबलेला वाटतो. साबणाला नावे ठेवण्यापूर्वी एकदा शुद्ध केलेल्या पाण्यात फेस करून पाहावा.

प्रोरासो हा फ्लॉरेन्स येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मार्टेली कंपनीचा साबण. त्याच्या हिरव्या डबीत निलगिरी आणि मेंथॉल असते. मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते, त्यामुळे चेहऱ्याचे तापमान उतरलेले नसतानाही गारवा जाणवतो. हा गारवा सुखद आहे, परंतु निलगिरीचा वास एकसुरी असल्याने पहिल्या हातानंतर त्यात नवे काही सापडत नाही. चंदनाचा सुगंध आणि शिआ बटर असलेली लाल डबी मला त्याहून अधिक आवडते. तिचा उबदार गंध राठ दाढीवर दुसऱ्यांदा फेस लावतानाही जाणवतो.

टाबाक ओरिजिनल या साबणावर मात्र माझा विशेष जीव आहे. मॉयरर अँड विर्ट्स या जर्मन कंपनीने ही सुगंधमालिका १९५९ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यावर त्या काळातील पुरुषांच्या सुगंधांची छाप स्पष्ट दिसते. कोरडी वडी हुंगली, तर पावडरसारखा, काहीसा जुनाट आणि उग्र दर्प येतो. अनेक जण इथेच नाक मुरडून तो बाजूला ठेवतात आणि एका उत्कृष्ट साबणाला मुकतात. फेस होऊ लागताच बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क) यांचा तजेला वर येतो, मग लव्हेंडर डोकावते, आणि रेझर हनुवटीखाली पोहोचेपर्यंत चंदन, अंबर आणि व्हॅनिला यांचा मऊ, गोडसर थर उरतो. एकाच दाढीत इतकी वळणे घेणारा दुसरा साबण माझ्या संग्रहात नाही. पूर्वी या साबणात प्राणिज चरबी असे, अलीकडे तो वनस्पतिजन्य घटकांपासून बनवला जातो. जुन्या वडीची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, तरीही आजच्या वडीचा फेस मला पाते सुरळीत सरकण्यासाठी पूर्णपणे पुरेसा वाटतो.

मिलानचा चेल्ला हा मऊ साबण असून त्याला कडू बदामाचा वास आहे. या वासाचा मुख्य घटक बेंझाल्डिहाइड आहे. फेस अत्यंत सहज होतो, त्यामुळे ब्रशने फेस करायला नव्याने शिकणाऱ्याने चेल्लापासून सुरुवात करावी. सुगंध सरळ आणि प्रसन्न आहे. चेहरा धुतला की तो जवळजवळ पूर्ण जातो, त्यामुळे त्यावर कोणतेही आफ्टरशेव्ह चालते. टाबाकनंतर मात्र वेगळ्या वासाचे आफ्टरशेव्ह लावू नये, दोन्ही सुगंधांची माती होते.

ज्यांची त्वचा लवकर लाल होते, त्यांनी वेष्टनावर लिनालूल, लिमोनीन, कुमारीन ही नावे अवश्य पाहावीत. सुगंधातील या घटकांची काहींना ॲलर्जी असते आणि नुकतेच पाते फिरलेल्या त्वचेला त्यांचा त्रास अधिक होऊ शकतो. अशांनी साबण प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा, आणि तिथे खाज सुटली तर सुगंधविरहित साबणच घ्यावा.