बॉस एचएम-२डब्ल्यू: चारही नॉब फुल्ल करून सहा महिने वाजवल्यावर

आधीच सांगतो, स्वीडिश डेथ मेटल तुमच्या कानाला गोड लागत नसेल तर हे पेडल, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारा पायाखालचा डबा, घेऊ नका, सरळ दुसरं काहीतरी बघा. मी हे एकाच आवाजासाठी घेतलंय, माझ्या महिन्याच्या भाड्याएवढे पैसे मोजून, आणि सहा महिने दर रविवारी जॅम रूमला नेऊन वाजवल्यावर हे लिहितोय.

माझ्या मामाची टिंबर मार्केटात वखार होती, पुण्यात, भवानी पेठेत. लहानपणी सुट्टीत तिथे पडलेलो असायचो. मोठी पट्ट्याची करवत नुसती फिरत असते तेव्हा तिचा एक बारीक सूं असा आवाज असतो, पण ओंडका आत सरकवला की आवाज एकदम खाली येतो, जाड होतो, खरखरतो, आणि पायाखालची फरशी थरथरते. कॉलेजात मित्राने एन्टूम्ड या स्वीडिश बँडचा १९९०चा पहिला अल्बम ऐकवला तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ते हेच. जगभर लोक या गिटारच्या आवाजाला चेनसॉ टोन म्हणतात. माझ्यासाठी ती मामाची वखार आहे.

तर तो आवाज या पेडलचा. म्हणजे याच्या बापाचा, जुन्या एचएम-२चा. बॉसने ते १९८३ला काढलं, काळा डबा आणि त्यावर केशरी अक्षरं. कल्पना अशी होती की मोठ्या मोठ्या ॲम्पच्या भिंती लावून जो हेवी मेटलचा आवाज येतो तो पोराटोरांना छोट्या डब्यातून मिळावा. तसा काही तो मिळाला नाही, आणि १९९१ला बॉसने ते बंद केलं. त्याच वर्षी बॉसचंच मेटल झोन पेडल आलं, जे आपल्याकडे माझ्या वयाच्या प्रत्येक गिटारवाल्याकडे होतं, नसेल तर झूम ५०५ हा इफेक्ट्सचा डबा तरी होताच. तेवढ्या आठ वर्षांत एचएम-२ स्टॉकहोमच्या पोरांच्या हातात पडलं आणि त्यांनी त्यातून अख्खा सीन उभा केला.

हे जरा नीट सांगतो, कारण पेडल कसं वाजवायचं ते यातच आहे. निहिलिस्ट नावाचा बँड, शाळकरी वयाची पोरं, १९८७च्या आसपासची गोष्ट. त्यातला गिटारवाला लेफ कुझ्नर, चारही नॉब पूर्ण उजवीकडे फिरवायचं श्रेय सगळे त्यालाच देतात. लेव्हल फुल्ल, लो फुल्ल, हाय फुल्ल, डिस्टॉर्शन फुल्ल, आणि गिटार खूप खाली ट्यून केलेली. कुठलाही शहाणा साउंडवाला हे सेटिंग बघून आधी नॉब कमीच करेल. पण कुझ्नरच्या कानाला ते पटलं. पुढे तो घरच्यांबरोबर कॅनडाला गेला, २००६ला वारला. त्याच्या आवाजावर नंतर इतक्या बँडनी करिअर केलं आणि त्याचं नाव किती जणांना माहितीये? याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

मग रेकॉर्डिंग करणाऱ्या टोमास स्कॉग्सबेर्गचा स्टॉकहोममधला सनलाइट स्टुडिओ. निहिलिस्ट १९८८च्या शेवटी तिथे डेमो करायला गेले, १९८९ला बँड फुटला, एका बाजूने एन्टूम्ड झाला आणि बेसवाल्याने अनलीश्ड काढला. तिकडे कार्नेज आणि डिसमेम्बर, यांच्यात तर माणसं इकडून तिकडे चालूच होती, आज या बँडमध्ये तर उद्या त्या. आणि रेकॉर्डिंगला बहुतेक सगळे त्याच सनलाइटमध्ये, त्याच स्कॉग्सबेर्गकडे, आणि गिटारला तेच पेडल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टँपाला मॉरिसाउंड स्टुडिओत त्याच काळात असंच चाललं होतं, पण तिकडचा आवाज स्वच्छ, घट्ट, प्रत्येक नोट वेगळी ऐकू येणारा. स्टॉकहोमवाल्यांचा गढूळ आणि उघडा. त्यांच्या मागे डेथ मेटलइतकाच हार्डकोर पंक होता, ड्रम ऐकले की लगेच कळतं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या पोरांना तालमीला जागा मिळायची. स्वीडनमध्ये सरकारी मदतीवर चालणारी युवा केंद्रं, अभ्यासमंडळं, त्यांच्या खोल्या असायच्या. आम्ही तासाला पैसे भरून घड्याळाकडे बघत वाजवतो. मुंबईत मेटलवाल्या पोरांच्या दोन पिढ्या धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव बघत मोठ्या झाल्या, ते शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं आणि तेवढी एक हक्काची जागाही संपली. त्यानंतरही भयानक मौत, डेमॉनिक रेझरेक्शन, गटस्लिट असे बँड मुंबईने दिले, मला तिघांचाही अभिमान आहे, पण तिघांचा आवाज तीन दिशांना. ऐकल्या ऐकल्या हा मुंबईचा असं सांगता येईल असा एक आवाज तयार व्हायला रोज एकाच खोलीत एकमेकांचं ऐकत बसावं लागतं असं माझं मत आहे.

आता पेडल. बॉसच्या वाझा क्राफ्ट या खास मालिकेतलं, २०२१ला आलं, जपानमध्ये बनवलेलं. हातात घेतलं की वजन कळतं. नॉब तेच चार, मधे एक बारीक स्विच, स्टँडर्ड आणि कस्टम. मी ज्या ऑनलाइन दुकानातून मागवलं त्यांनी आधी उघडलेला बॉक्स पाठवला, हायचा नॉब हलत होता आणि फिरवला की खर्र वाजायचा, परत पाठवून दुसरं यायला तीन आठवडे गेले आणि त्यात दोन जॅम हुकल्या. दुसरं आलं ते ठणठणीत. तेव्हा बॉक्स आला की आधी व्हिडिओ काढत उघडा, एवढं करा.

पहिल्या दिवशी घरी छोट्या ॲम्पला लावलं, चारही फुल्ल केले, आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. नुसता घोंगावणाऱ्या माश्यांचा थवा. मिड, म्हणजे आवाजाचा मधला भाग, इतकं पुढे की कान दुखतो, खाली काही नाही, आणि वाजवायचं थांबलं की सूंऽऽ चालूच. वाटलं पैसे गेले. दोन दिवस तसंच पडून होतं.

रविवारी जॅम रूमला नेलं. मोठा ॲम्प, ॲम्पचा स्वतःचा गेन, म्हणजे खरखर, थोडा, शेजारी बेस, आणि ड्रमरने डी-बीट, म्हणजे हार्डकोर पंकचा तो धावता ताल, धरला, आणि मी पहिला रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, मारला. ओंडका आत गेला! तीच करवत, तसाच खाली उतरलेला आवाज, फरशी सुद्धा थरथरत होती. घरी जी माशी वाटत होती ती इथे ड्रम आणि बेसच्या मधल्या मोकळ्या जागेत बरोब्बर जाऊन बसली. याचं कारण साधं आहे, हाय नॉब नावाला हाय आहे, तो हजार हर्ट्झच्या आसपासचं मिड भसकन वर काढतो, आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती तिथेच. एकट्याने वाजवताना तेच बोचतं. त्यामुळे दुकानात एकट्याने ट्राय करून हे पेडल नाकारू नका, तिथे ते कधीच आवडणार नाही.

स्टँडर्ड मोड म्हणजे जुनं एचएम-२, आणि मी ऐंशी टक्के वेळ तिथेच असतो. जुनं पेडल मी एकदा एका मित्राचं वाजवलंय, डोळे मिटून मला तरी फरक सांगता आला नसता. कस्टममध्ये आवाज जास्त जाड आणि भरलेला, खालचा भाग घट्ट, सोलोला आणि हळू रिफला छान, पण ती घाण कमी होते, आणि घाण हवी म्हणून तर आपण आलो.

तक्रारी आहेत. आवाज, म्हणजे नको असलेला, भयंकर आहे. नॉईज गेट, म्हणजे वाजवायचं थांबलं की सूं बंद करणारा डबा, नसेल तर रिफच्या मधल्या गॅपमध्ये लाज जाते, तेव्हा गेटचे पैसे यातच धरा. फास्ट, टेक्निकल वाजवणाऱ्यांना जमणार नाही, नोटा एकमेकींत मिसळतात. आणि किंमत, आपल्या पोरांच्या मानाने जास्तच. बेरिंजर कंपनीचं एचएम३०० प्लास्टिकच्या डब्यातलं मिळतं, बजेट नसेल तर तेही घेऊन सुरुवात करा, आवाज त्याच घराण्यातला आहे, फक्त स्टेजवर पायाखाली ते किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही. बंद झालेलं जुनं जपानी मात्र आता घेऊ नका, कॉन्व्हर्ज या अमेरिकन बँडचा गिटारवाला कर्ट बालू, त्याच्यासारख्या हार्डकोरवाल्यांनी हा आवाज परत वर आणला तेव्हापासून त्याचे भाव परवडणारे राहिलेले नाहीत.

माझं सेटिंग विचारतील म्हणून: लो आणि हाय फुल्ल, लेव्हल तीन वाजता, डिस्टॉर्शन बारावर, बाकीचा गेन ॲम्पमधून. चारही फुल्लपेक्षा रिफ जरा स्पष्ट येतात. पण आमचा ड्रमर शेवटच्या गाण्याआधी खाली वाकून स्वतःच दोन्ही नॉब उजवीकडे फिरवतो आणि काउंट देतो. मी परत फिरवत नाही.