एसएमपीएसमधली 'मेंदू'ची चिप बदलायची, की अख्खा बोर्ड?

एसएमपीएसचा, म्हणजे मेन्सच्या (घरच्या) विजेतून कमी व्होल्टचा डीसी बनवणाऱ्या सप्लायचा, बोर्ड टेबलावर ठेवता ठेवताच गिऱ्हाईक निकाल सांगतं, "आयसी गेलाय बहुतेक." असेलही गेला, पण कुठला? मेन्सच्या बाजूला मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा स्विच) हाकणारा पीडब्ल्यूएम आयसी (पल्सची रुंदी बदलून व्होल्टेज सांभाळणारी चिप) वेगळा. डिस्प्ले, पंखा नि चार्जिंगचे टप्पे सांभाळणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा 'मेंदू', वेगळा. खर्चाचं गणित इथेच फिरतं.

पीडब्ल्यूएम आयसीची शंका असेल तर जास्त डोकं खाजवायला लागत नाही. यूसी३८४२ या पीडब्ल्यूएम आयसीच्या सातव्या (सप्लायच्या) पायावर साधारण १६ व्होल्ट चढले की तो सुरू होतो, १० च्या आसपास घसरले की बंद. टिक-टिक आवाज येतो तो बहुतेक याच चढउताराचा. त्या पायाजवळचा कपॅसिटर वाळलाय किंवा सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूला) शॉर्ट आहे का ते आधी बघा. सातव्यावर पुरेसा व्होल्टेज आहे, आठव्यावर ५ व्होल्ट नाहीत आणि तिथे शॉर्टही नाही, तर आयसी खुशाल बदला. वडापावच्या भावात मिळतो, प्रोग्रॅमची भानगड नाही.

मायक्रोकंट्रोलर बाजारातून येतो तो कोरा, आत प्रोग्रॅम नसलेला. प्रोग्रॅम कंपनीकडे, आणि जुन्या चिपमधला वाचायला जावं तर बहुधा कुलूप. माझ्याकडे एक बॅटरी चार्जर आला होता, आधीच्या कारागिराने नवी कोरी चिप झकास सोल्डर केलेला! नशीब, जुनी चिप पिशवीत होती. तीच परत बसवली. मीटर ५ व्होल्टच्या लाइनवर ४.८ दाखवत होता, म्हणजे वरवर ठीक. पण स्कोपवर (व्होल्टेजचे झटपट चढउतार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) तीच लाइन दर क्षणी ४.३ च्या खाली बुडत होती. चिप मेली नव्हती, ब्राउन-आउटमुळे (व्होल्टेज क्षणभर पडल्यामुळे) सारखी रीसेट होत होती. ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बदलला, काम झालं.

म्हणून चिप उपटण्याआधी मेन्स काढा, मोठा कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करा (२३० व्होल्टवर त्यात सव्वातीनशे डीसी असतात, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची मर्दुमकी नको) आणि ५ व्होल्टच्या लाइनला बेंच सप्लायवरून (व्होल्ट नि करंट ठरवता येणाऱ्या टेबलावरच्या सप्लायवरून) ५ व्होल्ट द्या, करंट १०० मिलिअँपिअरला बांधून. डिस्प्ले उजळला तर चिप जिवंत, दोष सप्लायमध्ये. करंट मर्यादेला चिकटला आणि चिप चटका देऊ लागली, तर ती गेली.

ती खरंच गेली असेल आणि बोर्ड मिळत असेल, तर मी सरळ बोर्ड बदलायला सांगतो. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या जळल्या असतील, पाणी शिरलं असेल तरी तेच. बोर्ड बनायचाच बंद झाला असेल तर त्याच मॉडेलच्या भंगार बोर्डावरची चिप हा एकच मार्ग उरतो. मात्र तिच्यातले कॅलिब्रेशनचे (मोजमाप जुळवण्याचे) आकडे त्या भंगार बोर्डाचे असू शकतात, तेव्हा बॅटरी जोडण्याआधी आउटपुट मोजून घ्या.