चुनखडकाच्या कड्यांची पूर्वतयारी : ठाण्यातील एक प्रस्तरारोहण वर्ग

मे महिन्यात मुलीकडे यॉर्कशायरला जायचे ठरले, तेव्हा तिथल्या मॅलहॅम कोव्ह या सुमारे ८० मीटर उंच चुनखडकाच्या कड्यावर एकदा तरी चढून पाहायचे, असे मनाशी घेतले आणि ठाण्यातील एका गिर्यारोहण संस्थेच्या दोन रविवारांच्या वर्गात नाव नोंदवले. वर्ग मुंब्र्याच्या डोंगरावर भरतो.

तंत्राचा भाग ठीक आहे, त्याहून अधिक म्हणता येणार नाही. मुंब्र्याचा कातळ बेसॉल्टचा, त्यामुळे कंगोरे आणि कपारी धरत वर जायची आपल्याला सवय असते. चुनखडक मात्र पाण्याने विरघळत जातो; त्यात एखाद-दुसरे बोट मावेल एवढेच खळगे असतात आणि गाजलेल्या मार्गांवरचे होल्ड, म्हणजे हातापायांना आधार देणाऱ्या जागा, वर्षानुवर्षे हातपाय लागून काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. हा फरक प्रशिक्षकांनी नीट समजावला, पण त्याचा सराव बेसॉल्टवर होणे शक्य नाही. शिवाय पहिल्या रविवारी चौदा जणांत दोनच दोर होते आणि माझ्या वाट्याला दिवसभरात जेमतेम तीन चढाया आल्या.

तरीही मी हा वर्ग मनापासून सुचवतो, तो दुसऱ्या रविवारसाठी. फेब्रुवारीतली सकाळ होती आणि आम्ही हार्नेस (दोर अडकवायचा कंबरपट्टा) चढवून भिंतीखाली उभे होतो. प्रशिक्षकांनी दुर्बीण माझ्या हाती देऊन वरची एक कपार दाखवली. तिच्याखाली चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ होते, पक्ष्याच्या विष्ठेचे. थोड्याच वेळात शाहीन ससाणा कर्कश ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला आणि सरांनी दोर पिशवीतून न काढताच सर्वांना डोंगराच्या दुसऱ्या अंगाला नेले. दोघातिघांनी कुरकुर केली, फी परत मागण्यापर्यंत गोष्ट गेली.

त्यानंतर सावलीत बसून सरांनी या पक्ष्याविषयी सांगितले, तो तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाहीन ही बहिरी ससाण्याची इकडची उपजात. ती साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात कड्यांवर वीण करते. काड्या न रचता कपारीतल्या मातीतच अंडी घालते आणि ती सुमारे महिनाभर उबवते. माणूस जवळ आल्याने पक्षी बराच वेळ उठून राहिला, तर अंडी वाया जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पक्ष्याचे घरटे विचलित करणे हीसुद्धा शिकारच आहे.

मॅलहॅमलाही बहिरी ससाणे घरटे करतात. इंग्लंड-वेल्समध्ये कुठल्या कड्याचा कोणता भाग किती दिवस बंद ठेवायचा, याची नोंद ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल ही आरोहकांचीच संस्था ठेवते. बंदीचा काळ बहुधा १ मार्च ते ३० जून असतो, पिल्ले लवकर उडाली तर ती आधीच उठते, आणि अनेकदा घरट्याजवळचे मार्ग सोडून उरलेला कडा खुला राहतो. ती नोंद कशी शोधायची, हे सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर करायला लावले.

मी वीस वर्षे मुंब्र्याला जातो. ते पांढरे ओघळ कितीदा पाहिले असतील, पण त्यांच्या वर कोणी बसलेले असेल, हे कधी मनात आले नव्हते.

बुडालेल्या चढायांसाठी संस्थेने तिसरा रविवार विनामूल्य दिला. दुर्बीण एकच असल्याने आपली न्यावी, आणि नाव नोंदवण्यापूर्वी माणसे किती व दोर किती, हे विचारून घ्यावे.